सुरक्षा-पॅनेलची जुळणी : रेवदंड्याच्या किनाऱ्यावर

सुरक्षा-पॅनेल म्हणजे पत्र्याच्या पेटीत बसवलेला छोटा संगणक. दाराखिडक्यांवरचे मॅग्नेटिक सेन्सर, खोलीतली हालचाल टिपणारे मोशन सेन्सर, काउंटरखालचे पॅनिक बटण यांच्या तारा या पेटीत येतात आणि हूटर, दिवे, विजेवर चालणारी कुलुपे व मालकाचा फोन यांच्याकडे तिच्यातून आदेश जातात. एका घराला आठ सेन्सर जोडता येतील एवढे पॅनेल पुरते. एकाच आवारात चार-पाच बांधकामे असली, की त्याला जोड-मॉड्यूल लावावी लागतात. ही मॉड्यूल, त्यांच्या तारा, त्यांची वीज आणि त्यांची नावे एकमेकांशी नीट जुळवण्याच्या कामाला तंत्रज्ञ ‘प्रोग्रॅमिंग’ म्हणतात. पेटी कोणत्या कंपनीची आहे, यापेक्षा हे काम कसे झाले आहे यावर यंत्रणेचा भरवसा अवलंबून असतो.

रायगड किनाऱ्यावर या यंत्रणेची गरज वाढण्याची कारणे उघड आहेत. कुंडलिकेच्या मुखाशी वसलेल्या रेवदंड्यात पोर्तुगीज तटबंदीच्या आत-बाहेर नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. वाडीत रस्त्याकडे एक घर, मागे पंपाची खोली, त्यापलीकडे पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन-तीन खोल्या, अशी मांडणी सर्रास दिसते. मुंबईकरांनी घेतलेली घरे शनिवार-रविवार सोडून बंद असतात. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाल्यापासून अलिबाग तालुक्यात गाडीने येणे सोपे झाले आहे. त्याच किनाऱ्यावर दक्षिणेला, श्रीवर्धन तालुक्यातल्या दिवेआगरात, २४ मार्च २०१२ रोजी दरोडेखोरांनी सुवर्णगणेशाचा मुखवटा पळवला आणि देवळाच्या दोन पहारेकऱ्यांना ठार मारले. पहारेकरी एकटा पडला, तर त्याची हाक आवाराबाहेर पोचायची कशी, हा प्रश्न त्या घटनेने रायगडातल्या प्रत्येक बंद आवारापुढे ठेवला.

चोरघंटेची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ऑगस्टस पोप याने १८५३ मध्ये विजेवरच्या चोरघंटेचे पेटंट घेतले आणि पुढे एडविन होम्स याने तिचा व्यवसाय उभा केला. दार उघडले की विजेचे वर्तुळ बदलते आणि घंटा वाजते, हे तत्त्व आजच्या पॅनेलमध्येही तसेच आहे. बदलले ते एवढेच, की वर्तुळात नेमके काय झाले हे पॅनेल मोजून सांगू शकते.

झोन आणि रेझिस्टर

पॅनेलच्या ज्या टर्मिनलला एक सेन्सर किंवा एकाच जागेचे काही सेन्सर जोडलेले असतात, त्याला झोन म्हणतात. दार बंद असताना सेन्सरमधला स्विच जोडलेला असतो आणि दार उघडले की तुटतो. पण नुसत्या जोडलेल्या-तुटलेल्या अवस्थेवर विसंबले, तर चोराला तारेची दोन टोके मधेच एकत्र पिळून पॅनेलला फसवता येते. दार सताड उघडले तरी पॅनेलला ते बंदच वाटत राहते.

म्हणून तारेच्या शेवटी रेझिस्टर लावतात. प्रत्येकी ५.६ किलोओहमचे दोन रेझिस्टर असतील, तर त्यांतला एक तारेत सरळ ओळीत आणि दुसरा स्विचच्या दोन टोकांना जोडलेला असतो. दार बंद असताना पॅनेलला ५.६ किलोओहम दिसतात. दार उघडले की दोन्ही रेझिस्टरांची बेरीज, म्हणजे ११.२ किलोओहम, दिसते. तार कापली तर प्रतिरोध अनंत होतो आणि टोके पिळली तर शून्य. एकाच जोडीतून पॅनेलला चार वेगळ्या गोष्टी कळतात: सारे ठीक, अलार्म, तार तुटली, तारेशी छेडछाड झाली.

हे रेझिस्टर सेन्सरच्या खोक्यात, म्हणजे तारेच्या दूरच्या टोकालाच बसायला हवेत. घाईचे काम करणारे ते पॅनेलच्या पेटीत लावून मोकळे होतात. कोड दाबायच्या कीपॅडवर सगळे हिरवे दिसते, पण पेटीपासून सेन्सरपर्यंतची सगळी तार पहाऱ्याबाहेर राहते. काम ताब्यात घेताना मालकाने एक-दोन सेन्सरांची झाकणे उघडून रेझिस्टर तिथे आहेत का, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

बस, पत्ते आणि मॉड्यूल

समजा, रेवदंड्याच्या एका वाडीत दोन मजली घर आहे आणि त्यापासून ९० मीटरवर पाहुण्यांच्या तीन खोल्या आहेत. पॅनेल घरात आहे आणि त्यावर आठ झोन आहेत. मागच्या खोल्यांतल्या प्रत्येक सेन्सरची तार ९० मीटर ओढत आणणे खर्चाचे आहे. त्याऐवजी मागे आठ झोनचे एक्स्पान्शन मॉड्यूल बसवतात आणि घरापासून तिथपर्यंत चार तारांची एकच केबल नेतात. त्यातल्या दोन तारा विजेच्या, दोन माहितीच्या. या सामाईक मार्गाला ‘बस’ म्हणतात. कीपॅड, झोन वाढवणारी मॉड्यूल, दिवे किंवा गेट चालवणारी रिले मॉड्यूल, बिनतारी सेन्सरांचा रिसीव्हर, जादा पॉवर सप्लाय, हे सगळे याच बसवर येतात.

एकाच तारेवर अनेक जण बोलत असल्याने प्रत्येकाला वेगळा पत्ता लागतो. पुष्कळ मॉड्यूलवर त्यासाठी चार बारीक स्विचांची पट्टी असते आणि त्यांच्या किमती अनुक्रमे १, २, ४, ८ अशा असतात. पहिला आणि तिसरा स्विच वर केला, की पत्ता ५ होतो. दोन मॉड्यूलना चुकून एकच पत्ता दिला गेला, तर दोघेही एकदम उत्तर देतात. मग कधी एक दिसते, कधी दुसरे, कधी एकही नाही. हा दोष नंतर शोधणे कटकटीचे असते. म्हणून शिस्त अशी, की वीज बंद करून एकेक मॉड्यूल जोडायचे, वीज सुरू करून पॅनेलने ते ओळखल्याची खात्री करायची आणि मगच पुढचे घ्यायचे. एकदा नोंद झालेले मॉड्यूल पुढे कधी गप्प झाले, तर पॅनेल त्याचीही तक्रार नोंदवते. चोराने मागची केबल कापली तरी ते लपत नाही.

बसची लांबी आणि मांडणी यांनाही नियम आहेत. बऱ्याच पॅनेलची बस आरएस-४८५ या पद्धतीची असते. तिच्यात एकामागून एक अशा ओळीत मॉड्यूल जोडत जायचे, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावायचे आणि माहितीच्या दोन तारा एकमेकींना पिळलेल्या असायला हव्यात. कमी वेगात ही पद्धत बाराशे मीटरपर्यंत चालते. मधूनच फांद्या काढल्या तर संकेत परत उसळतात आणि संदेश बिघडतात. काही कंपन्यांच्या बसला मात्र फांद्या चालतात, त्यामुळे ज्या पॅनेलचे काम असेल त्याचे माहितीपुस्तक वाचल्याशिवाय केबल ओढू नये.

बिनतारी सेन्सरांनी तारांचा प्रश्न सुटतो, असे दुकानदार सांगतात. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय वापरता येतो. पण जांभ्याच्या जाड भिंती आणि पावसाने भिजलेली झाडी यांतून संकेत मंदावतो. उन्हाळ्यात तपासून पास केलेला सेन्सर जुलैत हरवू शकतो. कोकणात बिनतारी सेन्सर लावायचाच असेल, तर पॅनेलवर दिसणाऱ्या संकेताच्या ताकदीत पुरेशी शिल्लक ठेवावी.

विजेचा हिशेब

किनाऱ्यावर यंत्रणा सगळ्यात जास्त फसतात त्या विजेपायी. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने अलिबागच्या दक्षिणेकडे किनारा ओलांडला. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. खांब आडवे झाले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. एरवीच्या पावसाळ्यातही तासन्‌तास लाइट जाणे नवीन नाही. अशा वेळी पॅनेल बॅटरीवर चालते आणि किती वेळ चालेल, हे आधी मोजता येते.

वर घेतलेल्या वाडीचाच हिशेब पाहू. पॅनेल १२० मिलिअँपिअर, तीन कीपॅड मिळून १५०, दोन मॉड्यूल ६०, इंटरनेट मॉड्यूल १२०, सिमकार्डाचे मॉड्यूल सरासरी ७० आणि चौदा मोशन सेन्सर १४० घेतात असे धरू. एकूण ६६० मिलिअँपिअर होतात. पॅनेलसोबत सहसा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी मिळते. भागाकार केला तर साडेदहा तास येतात. जुनी होत चाललेली बॅटरी प्रत्यक्षात त्याहूनही कमी देते. २४ तास हवे असतील तर सुमारे १६ अँपिअर-तास लागतात, वर अर्धा तास हूटर वाजण्यासाठी थोडे आणि बॅटरी जुनी होण्यासाठी चौथाई भर. बेरीज वीस अँपिअर-तासांच्या पुढे जाते. एवढी मोठी बॅटरी पॅनेलचा मूळ चार्जर वेळेत भरू शकेलच असे नाही. म्हणून स्वतःचा चार्जर आणि स्वतःची बॅटरी असलेले पॉवर सप्लाय मॉड्यूल मागच्या खोल्यांत बसवणे हा सरळ उपाय असतो.

त्याने दुसराही प्रश्न सुटतो. लांब तारेत व्होल्टेज गळते. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा प्रतिरोध किलोमीटरला सुमारे ३६ ओहम असतो. ९० मीटर जाऊन तेवढेच परत यायचे, म्हणजे साडेसहा ओहम झाले. मागच्या बाजूचे मॉड्यूल, कीपॅड, सेन्सर आणि वाजता हूटर मिळून ४०० मिलिअँपिअर घेत असतील, तर २.६ व्होल्ट तारेतच खर्च होतात. लाइट असताना १३.८ व्होल्टमधून ११.२ पोचतात आणि काम भागते. लाइट गेल्यावर बॅटरी साडेअकरावर आली, की मागे नऊच्याही खाली जातात आणि नेमका हूटर वाजायच्या क्षणी मॉड्यूल बंद पडते. लाइट असताना घेतलेल्या चाचणीत हा दोष कधीच सापडत नाही. जाड तार किंवा मागे स्वतंत्र पॉवर सप्लाय, यांपैकी एक हवेच.

झोनला अर्थ देणे

तारा जोडून झाल्या तरी पॅनेलला फक्त आकडे कळतात. झोन ११ मध्ये प्रतिरोध बदलला, एवढेच त्याला ठाऊक असते. त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे प्रोग्रॅमिंगमध्ये ठरते.

पुढच्या दाराचा झोन उशिराचा ठेवतात. बाहेर पडायला ४५ ते ६० सेकंद आणि आत आल्यावर कोड दाबायला साधारण ३० सेकंद मिळतात. त्याच दाराच्या आतल्या पडवीतला मोशन सेन्सर ‘मागोमाग’ प्रकारचा असतो. दार आधी उघडले असेल तर तो थांबतो, दार न उघडता हालचाल दिसली तर लगेच हूटर वाजवतो. मागच्या खिडक्या तत्काळ प्रकारच्या असतात. पॅनिक बटण आणि तिजोरीचा झोन चोवीस तास जागा असतो, यंत्रणा बंद केली तरी.

कोणत्या जागेला कोणता सेन्सर, हे ठरवताना चोर दारानेच येईल हे गृहीत धरून चालत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईतल्या जुईनगर इथे चोरांनी शेजारच्या दुकानातून भुयार खणले आणि एका बँकेच्या लॉकर-खोलीत जमिनीतून शिरून तीस लॉकर फोडले. अशा धोक्यासाठी भिंत आणि जमिनीतला कंप ओळखणारा सेन्सर असतो आणि त्याचा झोन चोवीस तासांचा ठेवावा लागतो. शनिवार-रविवार बंद असणाऱ्या जागांना हे विशेष लागू आहे.

आवार मोठे असेल तर पॅनेलचे विभाग पाडता येतात. मालकांचे घर एक, पाहुण्यांच्या खोल्या दुसरा, कार्यालय तिसरा. पाहुणे आलेले असताना त्यांचा विभाग बंद ठेवून घराचा चालू ठेवता येतो. प्रत्येक माणसाला वेगळा कोड दिला, तर कोणी केव्हा यंत्रणा बंद केली याची नोंद राहते. सगळ्यांना एकच कोड दिला, की ती नोंद निरुपयोगी ठरते. पॅनेलचे घड्याळ भारतीय वेळेला लावलेले नसले तरी तेच होते. पोलिसांना दाखवायच्या नोंदीत साडेपाच तासांचा फरक पडतो.

नावांकडे सर्वात कमी लक्ष दिले जाते. ‘झोन ११’ असे फोनवर आले, तर मुंबईत बसलेल्या मालकाला काही समजत नाही आणि तो ज्या शेजाऱ्याला फोन करणार, त्यालाही नाही. ‘मागची खोली २, विहिरीकडची खिडकी’ असे आले, तर शेजारी टॉर्च घेऊन बरोबर तिथे जातो. संकेत मिळणे आणि संकेताचा अर्थ लागणे या दोन गोष्टींतले अंतर रेवदंडेकरांनी मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. जुलै २०२५ च्या पहिल्या आठवड्यात जवळच्या कोर्लईच्या समुद्रात रडारवर संशयित बोट दिसल्याची खबर आली. पोलीस, नौदल आणि तटरक्षक दल शोधाला लागले, किनाऱ्यावर नाकाबंदी झाली. पुढे तो संकेत मासेमारीच्या जाळ्याला लावलेल्या आणि वाहत आलेल्या बोयाचा असल्याचे तटरक्षक दलाकडून सांगण्यात आले. समुद्रावर अशी खातरजमा करायला फौज असते. वाडीच्या मालकाकडे झोनचे नाव आणि त्या झोनकडे वळलेला एखादा कॅमेरा, एवढेच असते.

बाहेर जाणारा संदेश

हूटर शेजाऱ्यांना जागे करतो. आवाराबाहेर खबर पोचवायला इंटरनेट किंवा मोबाइल लागतो. अशा यंत्रणांवर दूरून लक्ष ठेवणाऱ्या निरीक्षण केंद्राकडे जाणारे संदेश बहुधा ‘काँटॅक्ट आयडी’ या संकेतावलीत असतात. चार अंकी ग्राहक क्रमांक, तीन अंकी घटना, विभाग आणि झोन, असा तो क्रम. ११० म्हणजे आग, १२० म्हणजे पॅनिक, १३० म्हणजे घरफोडी, ३०१ म्हणजे लाइट गेली, ३०२ म्हणजे बॅटरी उतरली. केंद्राकडच्या यादीत आणि पॅनेलमध्ये झोनची नावे जुळत नसतील, तर १३० बरोबर पोचूनही माणूस चुकीच्या दारात जातो.

मार्ग दोन असावेत, ब्रॉडबँड आणि सिमकार्ड. ब्रॉडबँडचा राउटर घराच्या विजेवर असेल, तर लाइट जाताच तो मार्ग बंद होतो, म्हणून त्यालाही इन्व्हर्टर द्यावा. सिमचे मॉड्यूल फक्त टूजीवर चालणारे असेल, तर जिओसारख्या टूजी नसलेल्या कंपनीचे सिम त्यात चालणार नाही. दोन्ही मार्ग शांत असले तरी जिवंत आहेत ना, हे कळण्यासाठी पॅनेलला ठरावीक अंतराने हजेरीचा संदेश पाठवायला लावतात. हजेरी चुकली की केंद्राने फोन करावा.

पॅनेल नेटवर्कवर आले, की त्याच्यावर नेटवर्कचे धोकेही येतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातले मूळ पासवर्ड न बदललेले हजारो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. भारतात इंटरनेटशी जोडल्या जाणाऱ्या सीसीटीव्हींना एप्रिल २०२५ पासून सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या झाल्या, त्यामागे हीच काळजी आहे. पॅनेलचा इन्स्टॉलर कोड, म्हणजे प्रोग्रॅमिंगसाठी लागणारा कोड, आणि मालकाचा कोड पहिल्याच दिवशी बदलावा. राउटरवर पॅनेलसाठी बाहेरून थेट वाट उघडू नये. पाहुण्यांचे वायफाय आणि पॅनेल-कॅमेऱ्यांचे नेटवर्क वेगळे ठेवावे. पॅनेलला राउटरमध्ये कायमचा पत्ता राखून ठेवावा, म्हणजे राउटर बंद-चालू झाल्यावर ते हरवत नाही. इन्स्टॉलर कोड तंत्रज्ञाच्या डायरीतच राहिला, तर तंत्रज्ञ बदलल्यावर मालकाला आपलेच पॅनेल उघडता येत नाही. त्याची प्रत बंद पाकिटात मालकाकडे हवी.

आग आणि कुलुपे

चोरीचे पॅनेल हे आगीच्या यंत्रणेला पर्याय नाही. ज्या इमारतींना महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू होतो, तिथली अग्निशमन यंत्रणा परवानाधारक एजन्सीकडून बसवून तिचे प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा द्यावे लागते. चोरीचे आणि आगीचे पॅनेल रिलेने एकमेकांना जोडता येतात आणि जोडावीत, पण आगीचा संकेत आला की चुंबकीय कुलपे आपोआप सुटली पाहिजेत, अशी जुळणी हवी. चोर बाहेर ठेवणाऱ्या दाराने माणसे आत कोंडली जाता कामा नयेत.

खारी हवा आणि देखभाल

रेवदंड्याच्या हवेत मीठ आहे. टर्मिनलवर हिरवा थर चढतो, जोड ओले होतात आणि झोनचा प्रतिरोध सरकू लागतो. गंजलेला जोड ५.६ चे सात किलोओहम करतो, तर ओलसर जोडातून गळणारी वीज तो पाचवर आणते. पॅनेलला दोन्ही खटकते आणि मध्यरात्री हूटर वाजतो. बरीच पॅनेल प्रत्येक झोनचा प्रत्यक्ष आकडा दाखवतात. बसवण्याच्या दिवशी हे आकडे लिहून ठेवले, तर मे महिन्यात पुन्हा पाहून कोणता जोड पावसात दगा देणार, हे आधीच कळते. उघड्यावरची खोकी पाणीरोधक असावीत, केबल खोक्यात खालून शिरावी आणि जोडांना जेल भरलेले कनेक्टर लावावेत. विजा पडणाऱ्या प्रदेशात उघड्या वाडीतून जाणाऱ्या बसला दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर आणि चांगले अर्थिंग लागते.

मोशन सेन्सरवरून पाल फिरली किंवा काचेवर कोळ्याने जाळे विणले, तरी खोटा अलार्म होतो. सतत खोटे अलार्म आले की माणसे तो झोन बायपास करतात, म्हणजे पहाऱ्यातून वगळतात, आणि ते विसरून जातात. म्हणून बायपास केलेल्या झोनांची यादी दर महिन्याला पाहावी.

काम ताब्यात घेताना एक चाचणी करून घ्यावी. लाइटचा मेन स्विच बंद करायचा, काही तास जाऊ द्यायचे, मग मागच्या टोकाची खिडकी उघडायची आणि हूटर वाजतो का, फोनवर बरोबर नाव येते का, हे पाहायचे. मग ब्रॉडबँड बंद करून सिमच्या मार्गाने तेच पुन्हा करायचे. झोनची यादी, मॉड्यूलचे पत्ते, प्रतिरोधाचे आकडे, बॅटरी बसवल्याची तारीख आणि केबलचा नकाशा पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवावा. सीलबंद बॅटरी तीन-चार वर्षांत बदलावी आणि वर्षातून एकदा, मृगाआधी, हीच चाचणी पुन्हा करावी. ज्या तंत्रज्ञाला ही चाचणी मालकासमोर करून दाखवता येत नाही, त्याचे शेवटचे बिल थांबवण्यास काहीच हरकत नाही.